भिंतीकडे तोंड

आमच्या घरात बुद्धावरून जेवढे वाद झाले, तेवढे वाटणीवरूनही झाले नसतील. वडील तळा गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पाली भाषेतले ग्रंथ वाचून त्यांची खात्री पटली होती की जाग हळूहळू येते: आधी शील, मग श्वासावर लक्ष, मग वर्षानुवर्षं धीर. धाकटे काका मुंबईत एका जपानी कापूस कचेरीत कारकून होते. तिथल्या साहेबाने त्यांना झेनचं वेड लावलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसायचं, एकच प्रश्न धरून ठेवायचा. जाग आली तर एका क्षणात, नाहीतर कधीच नाही.

"पायऱ्या चढून कोणी जागं होतं का, दादा?" काका विचारत.

"आणि तू काय, खाटेवरून पडून जागा होणार?" वडील म्हणत.

मला दोघांचंही हसू येई, पण आतून धास्तीही वाटे. विधवा होऊन मी वडिलांकडे परतले होते. मला दुसरं कोणी नव्हतं. साधना फळली की सिलोनला जाऊन चीवर घेणार, कायमचे भिक्खू होणार, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मी रोज देवापुढे एकच मागत असे: माझ्या वडिलांना जाग येऊ नये.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी, शिमगा झाल्यावर, गावी आलेल्या काकांनी वडिलांकडे हट्टच धरला. एक दिवस माझ्या पद्धतीने बस, तेही कुड्याच्या बौद्ध लेण्यात. आम्ही तिघं खाडीतून होडीने निघालो. होडीत एक म्हातारी कोळीण होती. ती मला हळूच म्हणाली, "दुपारचं त्या लेन्यान बसू नये, बाय. बसतो येक नि उठतो दुसराच." काकांनी ते हसण्यावारी नेलं.

दोघं आत बसले. मी बाहेर सावलीत भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत होते. ऊन कलायला लागलं तशी त्यांना जेवायला बोलवायला गेले. अंधारात भिंतीकडे वळलेल्या दोन पाठी, दोन पांढरी धोतरं. वडील कोणते ते मला ओळखू येईना. "बाबा," मी हाक मारली. सकाळी त्या लेण्याने काकांचा खोकलासुद्धा घुमवून परत दिला होता. माझी हाक परत आली नाही. मी जवळच्या खांद्याला हात लावला. एवढ्या उकाड्यात तो गार होता.

वडीलच होते. वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "कोण?"

"मी. बयो."

"बरं," ते म्हणाले, "बसा."

जन्मभर त्यांनी मला 'बयो' आणि 'तू' म्हटलं होतं. काकांचे डोळे भरून आले. "दादाला जाग आली," ते पुटपुटले. परतीच्या होडीत तीच कोळीण होती. वडिलांकडे एकदा पाहून ती पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

त्यानंतर सिलोनचं नाव निघालं नाही. काका म्हणाले, त्याला आता घर आणि वन सारखंच, जायचं कुठे? वडील हे खोडून काढतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी वाद घातला नाही. शेजारीपाजारी म्हणत, मास्तर किती निवळले. ते अंगण झाडत, पाणी भरत आणि मला म्हणत, "बाई, जरा मीठ देता का?" मी चुलीपाशी जाऊन रडत असे. मागितलं होतं ते देवाने दिलं होतं.

एकदा जेवताना त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"तुम्ही इथे एकट्याच दिसता. तुमचे वडील कुठे असतात?"

"कुड्याच्या लेण्यात," मी म्हटलं.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला.