रजईची उजवी बाजू

नेरच्या बाजारातून मशिदीकडे वळलं की अब्दुल गनींचं रजयांचं दुकान लागतं. कापूस पिंजायचा गनीभाईंनी आणि भरलेल्या रजईला टाके घालायचे घरातल्या दोन जावांनी. उजव्या काठाला थोरली रशीदा, म्हणजे गनीभाईंची बायको, डाव्या काठाला धाकटी नसरीन. आपापल्या बाजूनं टाके टाकत यायचं आणि मध्ये भेटायचं. भेटेपर्यंत साऱ्या गल्लीची खबरबात होऊन जायची. घरात एक रीत मात्र पक्की होती. लेकीच्या लग्नाच्या रजईतली उजवी बाजू आईनंच शिवायची.

रशीदाच्या लेकीचं, नुजहतचं लग्न ईदेनंतरचं ठरलं आणि त्याच हिवाळ्यात रशीदा न्हाणीत घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर लागलं, निघालं, फोटोत हाड जुळलेलं दिसलं. हात मात्र पेटलेलाच. सुजून चकचकीत झालेला, कधी लाल, कधी जांभळा. पंख्याचं वारं लागलं तरी कुणी निखारा ठेवल्यागत व्हायचं.

मग घरच्यांनी तिला फुलागत जपलं, आणि तिथंच चुकलं. गनीभाई तिला भाकर मोडून द्यायचे. नसरीननं सुईदोऱ्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. पिंजलेल्या कापसाच्या घरात कापसाला काय तोटा? हातावर कापसाचा जाड थर, वरून पट्टी, खाली उशी. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करतानासुद्धा रशीदा त्या हाताला पाणी लावत नसे, पट्टीवरून नुसता ओला हात फिरवायची. आजाऱ्याला एवढी सूट आहे, हे तिला ठाऊक होतं. पण हाड तर केव्हाच जुळलं होतं. नमाजला उभी राहिली की मनात कुठंतरी टोचायचं. एक शेजारीण बोलून गेली होती, लेकीच्या लग्नात आईला बरा आराम भेटला. तेही टोचत होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी शेवटी दुखण्याचं नाव सांगितलं, कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, आणि बसस्टँडजवळच्या दीपाकडे पाठवलं. दीपा फिजिओथेरपीचं शिकून गावात परतलेली मुलगी. तिनं हाताला बोट लावलं नाही. रशीदालाच हळूहळू पट्टी सोडायला लावली आणि समजावलं.

"चोर केव्हाचा पळाला, चाची, पण कुत्रं अजून भुंकूनच राह्यलं. आता घरच्यायवरबी भुंकते. त्याले मारू नोका, बांधूनबी ठेवू नोका. रोज थोडी थोडी ओळख द्या."

"म्हंजे माह्यं दुखणं खोटं हाये का?"

"दुखणं खरं हाये. खतरा खोटा हाये."

रशीदाला हे शब्द घरी जाईपर्यंत पुरले.

ओळख सुरू झाली. दोन हातांच्या मधोमध आरसा उभा करायचा. दुखरा हात आरशामागं लपवायचा आणि डाव्या हाताची हालचाल आरशात बघायची. उजवाच हात मजेत उघडमीट करतोय असं दिसायचं. पहिल्या दिवशी रशीदाला हसू आलं आणि लगेच रडूही. मग स्पर्श. आधी पिंजलेली रुई, मग मलमल, मग मांजरपाट, शेवटी गोणपाट. पाण्याचं काय, हे दीपाला विचारायचीही गरज पडली नाही. तीच म्हणाली, "तुमच्यापाशी तर दिवसातून पाचदा हात धुवाची सवयच हाये, चाची. कोमट पाण्यानं सुरू करा." लेणीतल्या बुद्धाचा फोटो भिंतीवर लावणारी ही पोरगी आपल्याला वजूची आठवण देते, याचं रशीदाला नवल वाटलं. बरंही वाटलं. देणारा कुणाच्या हातून देईल, सांगता येतं का?

हात निवत गेला, आणि मग तिची हाव वाढली. एक दिवस नसरीन बाजारात गेलेली बघून तिनं डबा खाली काढला आणि एका दुलईला दुपारपर्यंत टाके घालत बसली. संध्याकाळी हात पुरीगत फुगला. तिनं मुकाट्यानं पुन्हा कापूस लावला, पट्टी बांधली आणि गनीभाईंना म्हणाली, नुजहतच्या रजईत माझी बाजूही नसरीनलाच शिवू द्या.

गनीभाई तिला घेऊन दीपाकडे गेले. दीपा रागावली नाही. हात बिघडला नाही, रुसला आहे, म्हणाली. वेदना उठायच्या आधी थांबायचं, मग कितीही बरं वाटत असलं तरी. आणि गनीभाईंना सांगितलं की यापुढं भाकर मोडून द्यायची नाही. ते बिचारे एवढे ओशाळले, की घरी येऊन त्यांनी स्वतःच पट्टी सोडली.

लग्नाची रजई मग लवकरच भरली. रशीदा रोज चार बोटं शिवायची आणि उठायची. नसरीनची बाजू केव्हाच मध्यावर आली होती, पण तिनं पलीकडं एक टाका टाकला नाही. रोज समोर येऊन बसायची, नुसत्या गप्पा मारायची.

ईद झाली, आणि एका दुपारी दोन्ही बाजू भेटल्या. नसरीनचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. रशीदाचे जणू पाणी शिंपडून पांगवलेल्या मुंग्या.

"भाभी, तुमची बाजू उसवून देऊ का? सासरचे काय म्हणतीन?"

"म्हणू दे. पोरीले तर माहीत हाये, कोनाचा हात हाये."

नुजहत पुढं सरली. रजईची घडी घालताना तिनं उजवी बाजू वर ठेवली.

तेवढ्यात तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, असरची अजान झाली. रशीदा नळाशी गेली, बाही कोपरावर सारली आणि उजवा हात गार पाण्याखाली धरला. हात जरासा गुरगुरला. तिनं तो नीट धुतला, मग डावा.