राखेत पुरलेला गज

जर्मनशी लढाई सुरू झाली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, वाशीमच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये भट्टीच्या गजांच्या कामाची वीस रुपये मजुरी ठरली. हजर तिघे: मालक, अनसिंगचा लोहार आणि मी, बॉयलरचा मिस्त्री.

भट्टीत ज्या गजांवर कोळसा जळतो, ते त्या साली नव्या ओतीव पोलादाचे आले होते. आचेनं वाकत नसत, झिजत नसत. पण जळून घट्ट चिकटलेला कोळशाचा खंगर काढताना सळईचा ठोका बसला की काचेसारखे तुटत. चोवीसपैकी पाच गेले. मी दोन गज लाल केले आणि छिन्नीला देतात तसं पाण्यात बुडवून पाणी दिलं. दोन्ही तडकले. म्हणजे सात.

तेव्हा लोहाराला बोलावणं गेलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. माझे गज पाहून म्हणाला, "मिस्त्री, याले पाणी कायले पाजलं? याले नींद पायजे."

मालक हसले. एकवीस वर्षांत माझ्या कामावर ते कधी हसले नव्हते. घरी आलो तर बायको म्हणे, "त्यानं केलेल्या विळ्याले सालभर धार लावा लागली नाही." मी पानावरून उठलो.

लोहारानं एक गज लाल केला, तीन तास त्याच लालीत ठेवला आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, गरम राखेत पुरला. दुसऱ्या दिवशी काढला तर दिसायला होता तसाच.

मालक म्हणाले, "घण तू मार, मोजजो बी तूच. दहाच्या आत तुटला तं काम तुह्यं, नाही तं त्याचं." ते कचेरीत गेले. लोहारही माझ्या भरवशावर नमाजाला गेला.

मी तुटावा म्हणूनच मारला. आधीच्या पाचांपैकी एक, न तापवलेला गज सळईच्या तिसऱ्याच ठोक्याला तुटला होता. हा दहाव्यालाही तुटेना. मी थांबलो नाही. सव्विसाव्याला वाकला, पण तुटला नाही. नऊ सांगितले असते तरी कोण बोललं असतं? पण वाकलेला गज समोर पडला होता, आणि खोटा आकडा मला सांगता येत नाही.

"सव्वीस," मी मालकांना सांगितलं. "वाकला."

परत आलेल्या लोहारानं मला घामाघूम पाहून लोटा पुढे केला. "घ्या मिस्त्री, पाणी आता तुमाले पायजे."

उरलेले सोळा गज त्यानं केले. मालकांनी त्याचे पैसे माझ्याच हाती दिले. एखादा रुपया कमी निघावा म्हणून मी दोनदा मोजले. पुरे वीस होते. ते लोहाराला दिले.