नाना आणि सगळ्यांची बाग

नाना बागेत कधीही चपला घालून आले नाहीत. फाटकापाशी चपला काढायच्या, पाण्याच्या नळीचं वेटोळं खांद्यावर टाकायचं आणि अनवाणी आत शिरायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ताई, शेतात कुणी चपला घालून जातं का?" आमच्या कॉलनीतली ती बाग म्हणजे एकेकाळी नानांच्या घरचा मळा. तिथे मेथी, कोथिंबीर आणि शेवंती पिकायची. उद्यानाच्या आरक्षणात जमीन गेली आणि पुढे खटपट करून नाना त्याच जमिनीवर महापालिकेचे माळी म्हणून लागले.

नव्वदच्या दशकात माझे बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांची उजवी बाजू लुळी पडली. रोज चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळेत शिकवून आले की मी त्यांना बागेत न्यायची, पण दोन पावलांत ते रडकुंडीला यायचे. नाना आठवडाभर नुसतं बघत होते. एके दिवशी गेलो, तर फाटकापासून जांभळाच्या झाडापर्यंत पायवाटेच्या कडेने कमरेइतक्या उंचीचा बांबूचा कठडा बांधलेला. "साहेब, ह्याला धरा. आज पहिल्या खांबापर्यंत. उद्याचं उद्या बघू." रोज संध्याकाळी नाना बाबांसमोर उलटे चालायचे. बाबांना जांभळापर्यंत पोचायला चार महिने लागले. त्या दिवशी नानांनी शेवंतीचं एक फूल तोडून त्यांच्या खिशात खोवलं. कुणासाठी त्यांनी फूल तोडलेलं मी ते एकदाच पाहिलं.

"बाग सगळ्यांची, म्हणजे पाणी घालायचं एकट्या नानानं," असं नाना हसून म्हणायचे. त्यात चूक काही नव्हती. नळी फुटली की कुणाकडून तरी अर्ज लिहून घ्यायचा, आणि कार्यालयातून निधी नसल्याचं उत्तर यायचं. मग नाना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून नळी चालवायचे. पण पाळणे तुटले, दिवे फुटले, मुतारीचं दारसुद्धा कुणी काढून नेलं. ते काही ट्यूबने सांधण्यासारखं नव्हतं. एकदा ते घरोघर फिरले. "पैसे नको, रविवारी तासभर हात द्या." पहिल्या रविवारी अकराजण आले, दुसऱ्या रविवारी तिघं. तिसऱ्या रविवारी बाकावर बसलेले बाबा सोडले तर कुणी नव्हतं. मीही नव्हते.

काही वर्षांनी एका दुपारी नाना दारात उभे राहिले. हातात कागद आणि पेन. "हापिसातनं दिलंय. घरटी एक सही आणायला सांगितलीय. ह्यात काय हाय, ते जरा वाचून दाखवा."

मी मोठ्याने वाचलं. बाग ठेकेदाराकडे द्यायची, तो नवी खेळणी बसवणार, स्वच्छता ठेवणार आणि तिकीट लावणार. त्यासाठी रहिवाशांची संमती हवी होती. नानांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला तो अंधार, ती मुतारी, ते मोडके पाळणे आठवले आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही केली म्हणजे बरंच असंल," नाना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. कागद नीट घडी करून ते शेजारच्या दाराकडे गेले.

पहिल्या वर्षी बाग खरंच झळकली. रंगीत दिवे लागले, मुतारी धुतलेली दिसू लागली, पोरांसाठी छोटी आगगाडी आली. तिच्या रुळांच्या आड येतो म्हणून बांबूचा कठडा काढला. नानांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रोपवाटिकेत झाली. बाबांना ज्येष्ठांचा पास मिळाला होता, पण धरायला काही उरलं नव्हतं. ते दोनदा पडले आणि मग त्यांनी बागेचं नावच काढलं नाही. पुढची दोन वर्षं ते पलंगावरच होते. एका हिवाळ्यात गेले.

नाना भेटायला आले. बाबांच्या रिकाम्या पलंगापाशी बसले. मला राहवलं नाही. "नाना, मी सही करायला नको होती."

"माझ्या बापानं बी अंगठा दिला व्हता, ताई. बाग व्हईल, लोकं बसतील, म्हनून. सही वाईट नसती. सही करून आपन घरी येऊन बसतो ना, ते वाईट." मग म्हणाले, "मी बी तेच केलं. कागद घेऊन समद्या दारात गेलो, पन नको करू म्हनून एका दारात बोललो नाय."

चहा न घेताच ते उठले.

पुढच्या उन्हाळ्यात, निवृत्तीला थोडे महिने असताना, रोपवाटिकेत काम करता करताच नाना गेले. मला ते कळायला तीन आठवडे लागले. त्यांच्या घरच्यांना भेटून यावं म्हणून मी साडी बदलली, बाहेर पडले, कोपऱ्यावर रिक्षा थांबवली. "कुठे जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं. इतक्या वर्षांत नाना राहतात कुठे, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.