आईवर लावलेला कॅमेरा

कंपनीच्या कँटीनमध्ये मी डबा उघडला की मित्र विचारतात, "काय रे, आज कॅमेऱ्यात काय?" आईच्या घरी कॅमेरा बसवल्यापासून किस्से आपोआप साठत चाललेत. मला काही जुळवून सांगावं लागत नाही.

मी नोकरीमुळे बायकोसोबत तुयेला राहतो. बाबा गेल्यापासून आई गावच्या घरी, हळर्णला, एकटी. शेवटी बायकोने अट घातली, "आई, कॅमेरा लावू द्या. पण तो बंद दिसला, तर त्याच दिवशी सामान बांधून इकडे यायचं." आईला काही झालं तरी घर सोडायचं नव्हतं. ती कबूल झाली.

*

बेळगावकडचा फिटर ड्रिल घेऊन पुढच्या खोलीत दारासमोर स्टुलावर चढला, तशी आईने त्याला खाली उतरवलं. आमच्याकडे गाडी असो नाहीतर पंप, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही चालू होत नाही. तिने नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, झिलान ह्यो कॅमेरो बसयलो हा. ह्येका बरा ताच दिसांदे, वायट दिसा नको."

"होय म्हाराजा!" फिटरने आणि मी हात जोडले.

मी म्हटलं, "आई, वाईट दिसावं म्हणूनच तर लावतोय."

"ता तू सांग देवाक. माझा गाऱ्हाणा घालून झाला."

*

कॅमेऱ्यातून बोलताही येतं. एकदा पाव घेऊन आलेल्या पदेराला मी फोनवरून म्हटलं, "आज चार उंडे ठेव." त्याने टोपली खाली ठेवली आणि घराला एक फेरी मारली. माणूस कुठे दिसेना!

आता तो रोज कॅमेऱ्यालाच विचारतो. परवा मीटिंगमध्ये माझ्या फोनमधून आवाज आला, "बाबा, उंडे गरम आसत. कितले दवरू?"

साहेब म्हणाले, "मला दोन सांगा."

*

शेजारची सुशीलाकाकी अबोलीची वेणी माळून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. "बाबू, माझ्या चेडवाक तुझ्या कंपनीत चिकटय मरे." मी बायोडाटा पाठवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीलाच आणून उभी केली. "कागद कित्याक? ह्या बघ."

*

मग तो सोमवार. जेवणाच्या सुट्टीत बघतो, तर कॅमेरा काळा. आई फोन उचलेना. डबा तसाच टाकून मी स्कूटर काढली. वाटेत नको नको ते मनात आलं, खोटं कशाला बोलू.

दार ढकललं. कॅमेऱ्यावर टॉवेल. देवघराचं दार बंद. बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून. आणि ज्या घरात सोमवारी अंडंसुद्धा शिजत नाही, तिथे आई आणि सुशीलाकाकी बांगड्याचं कालवण खात बसलेल्या.

"कालचा हुमण," आई म्हणाली. "टाकून दिवचा काय?"

"आणि फोन?"

"हात खरकटो."

मी तिथेच जमिनीवर बसलो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कॅमेरा बंद दिसतोय. सामान बांधायचं ना आईंचं?"

आईचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "हळर्णला लाईट नाही."

डोक्यावर पंखा गरगरत होता. आई उठली आणि तिने तिसरं ताट घेतलं.