राऊत सरांचे मिस्टर पाटील

राऊत सर गेल्याचं मला फोनवर कळलं. आठवडाभरानं घाटंजीला शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सगळ्या बॅचची माणसं आली होती. माझ्या वर्गातला दिलीप, आता त्याचं बियाण्यांचं दुकान आहे, बोलायला उठला. सर इंग्रजीचे, म्हणून इंग्रजीतच बोलतो म्हणाला. आणि त्याच्या तोंडून सरांनीच पाठ करून घेतलेला 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध बाहेर पडला, अगदी पहिल्या वाक्यापासून. निबंधातल्या शिक्षकांचं नाव मिस्टर पाटील. दिलीपनं तेही तसंच ठेवलं. मागच्या रांगांमधून लोक हळूहळू त्याच्यासोबत म्हणू लागले... वेगवेगळ्या वर्षांची माणसं, निबंध एकच. शेवटी सगळे डोळे पुसत हसले. मला हसू आलं नाही.

ते मिस्टर पाटील मुलांना प्रश्न विचारू देतात, चुकलं तर समजावून सांगतात, वर्गात गप्पा मारतात. राऊत सरांच्या वर्गात यातलं काहीच नव्हतं. आठवी ते दहावी त्यांनीच आम्हाला इंग्रजी शिकवलं. धडा वाचायचा, एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगायचा आणि मग आयएमपी, म्हणजे परीक्षेत हमखास येणारे प्रश्न. त्यांची उत्तरं पाठ. अर्ज पाठ, बसच्या प्रवासाचा निबंध पाठ, दोन मैत्रिणींमधला संवादसुद्धा पाठ! कोणी आपल्या मनानं एखादं वाक्य लिहिलं की सर त्यावर आडवी रेघ मारायचे. "डोकं नको चालवू, जे देल्लं ते लिही." आमच्या शाळेत इंग्रजीत सहसा कोणी नापास होत नसे, त्यामुळे आजूबाजूच्या गावांत सरांचा मोठा दबदबा होता.

ते कापसाचे वाईट दिवस होते. माझे वडील शिंपी. कापसाला भाव नाही म्हटल्यावर लोकांनी नवे कपडे शिवणंच सोडलं होतं, फाटलेलं तेवढं आणून टाकायचे. अशात मी दहावीला इंग्रजीत शाळेतून पहिली आले. सर पेढे घेऊन घरी आले. मला विज्ञान शिकायचं होतं, प्रयोगशाळेत काम करायचं होतं. वडिलांनी मला मावशीकडे नागपूरला अकरावीला पाठवलं ते त्या मार्कांच्या भरवशावर. तिथं पहिल्याच आठवड्यात मॅडमनी इंग्रजीत विचारलं, तुला विज्ञान का घ्यावंसं वाटलं? किती साधा प्रश्न... पण तो आयएमपीत नव्हता. मी उभी राहिले आणि उभीच राहिले. वर्ग हसला. हसण्याचं फारसं काही वाटलं नाही, पण पुढं शिकवलेलंही कळेना. दिवाळीला मी बॅग भरून परत आले ती कायमची.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. वाटलं, सर काहीतरी मार्ग काढतील. व्हरांड्यात सर आणि त्यांची मुलगी मृणाल भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि इंग्रजीत गप्पा मारत होते. मृणाल माझ्याहून लहान. ती अडखळत होती, चुकत होती, ते मलाही कळत होतं. सर मात्र हसून पुढचं विचारत होते. एवढे मोकळे हसणारे सर मी कधी पाहिले नव्हते. मी फाटकाशीच थांबले. त्यांनी आत बोलावलं, तेव्हा नमस्कार करायचंही सुचलं नाही.

"सर, आमाले काहून असं शिकवलं नाही?"

सर शेंगा फोडतच राहिले. "आधी पास होनं महत्त्वाचं होतं, सुनंदा. एक वर्ष वाया गेलं असतं तं तुह्या बापानं तुले उजवून टाकलं असतं."

"अन् मृणाल?"

"तिले मी आहो ना."

किती सहज म्हणाले ते... वर्गभर पोरं रोज त्यांच्यापुढं बसत होतो आणि आमची समजूत होती की आम्हालाही सर आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पास झाले म्हणूनच पुढं मराठीत बी.ए. केलं, पंचायत समितीत लागले. प्रयोगशाळा तेवढी राहिली. सरांना इंग्रजी शिकवता येत नसतं तर मी केव्हाच माफ केलं असतं. त्यांना येत होतं. ते घरी ठेवून सर शाळेत यायचे. याचा मला राग आहे, ते गेल्यावरही आहे.

सभेनंतर मृणाल मला घरी घेऊन गेली. ती आता हैदराबादला असते. व्हरांड्यात सरांची वेताची खुर्ची होती, तिच्या हातावर त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा तसाच टाकलेला. समोर आणखी एक खुर्ची.

"बस ना, सुनंदाताई," मृणाल म्हणाली. "ही माझी जागा. इथं बसून मी काय वाट्टेल ते बोलायची. बाबा म्हणायचे, चुकू दे, पाहिजे तेवढं चुकू दे, इथं कोण हसते तुले..." आणि तिला रडू फुटलं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आतून चहा आला. तिनं आपली खुर्ची माझ्यापुढं सरकवली. मी पायरीवर बसून चहा प्यायले.