चौकटीतली आठवी बातमी

कचेरीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना चौकटवाले म्हणत आणि ते त्या हाकेला ओ देत, यावरूनच त्यांचं काय झालं होतं ते समजावं. पेपरच्या शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे, शब्दकोड्याला चिकटून एक चौकट असे. तिचं नाव 'ऐकावं ते नवल'. जगभरातल्या चमत्कारिक बातम्या, रोज आठ. तीन यंत्रांच्या, तीन नटनट्यांच्या आणि दोन राजकारणाच्या. गृहस्थ आले होते अग्रलेख लिहायला. पहिल्याच वर्षी संपादकांनी ही चौकट 'तात्पुरती' म्हणून त्यांच्या गळ्यात मारली. ते संपादक गेले, त्यांच्यानंतरचे दोघे गेले, आणि तेवीस वर्षं झाली तरी तात्पुरती चौकट यांच्याच गळ्यात होती.

सकाळी अकराला खुर्चीत टेकायचं, वृत्तसंस्थेनं पाठवलेला ढीग संगणकावर उघडायचा आणि नाक मुरडायला लागायचं, हा त्यांचा दिनक्रम. कुणीतरी मालकाचा मूड ओळखून त्याची स्तुती करणारा आरसा काढलेला असे. कुठल्याशा फ्रीजनं मालकिणीला न विचारता परस्पर चाळीस किलो लोणी मागवलेलं असे. एका नटानं आपल्या कुत्र्याच्या वाढदिवसाला दुसऱ्या नटाच्या कुत्र्याला बोलावलं नाही, म्हणून दोघांच्या चाहत्यांनी एकमेकांची डोकी फोडलेली असत. एखादा मंत्री पुलाचं उद्घाटन करून मोकळा झालेला असे आणि पूल अजून समोरच्या काठाला पोचायचाच असे. चौकटवाले यातली एकेक बातमी तीन ओळींत कोंबत आणि प्रत्येकीला मनातल्या मनात एक शिवी हासडत. आपण जगाचा केर काढतो आणि तोच केर लोकांच्या चहाबरोबर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतो, असं त्यांचं स्वतःच्या कामाविषयी मत होतं.

वाचकांविषयीचं मत याहून वाईट होतं. वाचक पत्रं लिहीत. तो फ्रीज कुठे मिळेल, आरसा हप्त्यावर देतात का, त्या कुत्र्याची तब्येत आता कशी आहे. चौकटवाले असं पत्र पानं लावणाऱ्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवत, घडी घालून खणात टाकत आणि म्हणत, "याला मताचा अधिकार आहे, बरं का." बाई हसत नसत. त्यांना पान वेळेवर सोडायचं असे.

त्या बाईंना चौकटीत एका ओळीचीही मोकळी जागा खपत नसे. आठ म्हणजे आठ, आणि चार वाजून दहा मिनिटांनी पान जायचं म्हणजे जायचं. पण जगातला मूर्खपणा कितीही उदंड असला तरी तो रोज बरोबर आठच्या मापात येतो असं नाही. कधी सातच बातम्या हाती लागत. त्या दिवशी आठवी बातमी चौकटवाले स्वतः तयार करत. याचे त्यांनी नियम ठरवले होते. देश नेहमी 'उत्तरेकडचा' असावा. शास्त्रज्ञाला नाव देऊ नये. आकडा कधी गोल घेऊ नये, कारण पन्नास म्हटलं की माणूस थबकतो आणि सत्तेचाळीस म्हटलं की मान डोलावतो. शेवटी एखादा अगदी निरुपयोगी तपशील घालावा, कारण थापा मारणारा इतक्या बारकाव्यात शिरणार नाही अशी लोकांची भाबडी समजूत असते. महिन्याला एकदोन, असं किती वर्षं चाललं होतं आणि एकाही माईच्या लालानं पकडलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. तो कुणाजवळ मिरवता येत नव्हता, म्हणून जगाचा आणखीच राग येत होता.

अशाच एका दिवशी पावणेचारला संपादकांनी एका मंत्र्याची बातमी उडवली, कारण मंत्री मालकांच्या ओळखीचे निघाले. जागा रिकामी झाली. चौकटवाल्यांच्या टेबलावरचा जुना फोन बिघडला होता. दुरुस्तीवाला त्याचा रिसिव्हर उघडून ठेवून चहाला गेला होता. आतली काळी पूड बघता बघता त्यांना सुचलं, आणि त्यांनी एका दमात लिहून काढलं: उत्तरेकडच्या एका देशातील संशोधकांनी जुन्या टेलिफोनमधून, त्यावर पूर्वी बोललेल्या माणसाचा आवाज परत मिळवण्याची पद्धत शोधली आहे. रिसिव्हरच्या बोलायच्या टोकात कोळशाचे कण असतात, बोलण्याचा दाब त्यांच्यावर कायमचा उमटतो. तपासलेल्या सत्तेचाळीस रिसिव्हरांपैकी एकेचाळिसांतून आवाज मिळाला. कण साठवताना काचेची कोरडी बाटली वापरावी, प्लास्टिकची नव्हे. बाटलीच्या वाक्यावर ते स्वतःवरच खूश झाले. चार वाजून सहा मिनिटांनी पान गेलं.

तीन आठवड्यांनी वृत्तसंस्थेच्या ढिगात त्यांना आपलंच लेकरू भेटलं, तेही चांगलं बाळसं धरून. सत्तेचाळिसाचे चौऱ्याण्णव रिसिव्हर झाले होते. शास्त्रज्ञाला नाव मिळालं होतं, नावापुढे दोन पदव्या लागल्या होत्या, आणि 'मानवजातीच्या स्मृतीचं नवं दालन' असं काहीसं तो बोललाही होता. म्हणजे यांच्या चौकटीतून दुसऱ्या कुणा पेपरानं उचललं, त्याच्याकडून वृत्तसंस्थेनं, आणि आता ते सगळीकडे वाटलं जात होतं. चौकटवाले रुमाल तोंडावर धरून हसले. एखादा घाबरला असता. यांच्याकडे त्या दिवशी पुन्हा सातच बातम्या होत्या, तेव्हा यांनी ही वृत्तसंस्थेच्या हवाल्यानं सगळ्यांत वर टाकली. पुढच्या दोन दिवसांत ती शहरातल्या आणखी दोन पेपरांत आली. एका वाहिनीनं तिच्यावर चर्चा ठेवली आणि दोन तज्ज्ञ बसवले. त्यांतला एक तर नैतिक कारणांवरून विरोधात बोलला. आपण या लोकांना जेवढं मूर्ख समजत होतो त्याहून हे किती पुढे गेले आहेत, या विचारानं चौकटवाल्यांना त्या रात्री फार शांत झोप लागली.

त्यांची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. ताई पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होती. नळाचं, टाकीचं, विहिरीचं पाणी बाटल्यांत यायचं, त्यात काय आहे ते ती कागदावर लिहायची. मेव्हण्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. चौकटवाले एक रविवार सोडून तिच्याकडे जेवायला जात, आणि जेवताना पंधरवड्याच्या मूर्खपणाची उजळणी करत. ताई ऐकून घ्यायची. तिला हसू आलं तर ती हसायची, नाही आलं तर वाढायची. या आठवड्यात मात्र तिचा फोन लागत नव्हता. चौकटवाल्यांनी टेलिफोन खात्याचा उद्धार केला आणि गप्प बसले. शनिवारी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिचाच निरोप आला: उद्या ये, आणि त्या संशोधन संस्थेचा पत्ता घेऊन ये.

कुठल्या संस्थेचा, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला ते तिच्या दिवाणखान्यात शिरले तेव्हा आलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर तिचा जुना काळा फोन होता, रिसिव्हरचं टोक उघडलेलं, आतली चपटी डबी नीट उचकटलेली. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मऊ कोरडा ब्रश. आणि काचेच्या बुचाची एक तपकिरी बाटली, तळाला चिमूटभर काळी पूड. बाटलीवर चिठ्ठी डकवलेली होती. ताईच्या सुबक अक्षरात तारीख, वेळ, 'नमुना क्र. १', आणि खाली मेव्हण्यांचं पूर्ण नाव.

चौकटवाले उभेच राहिले. ताईनं त्यांना बस म्हटलं आणि कामाचं सांगायला लागली. पूड फार थोडी निघाली. हात लागू दिला नाही, ब्रशनंच गोळा केली. बाटली आदल्या दिवशी धुऊन उन्हात पूर्ण सुकवली. हा फोन लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेला. यावर मेव्हणे वीस वर्षं बोलले, आणि त्यांचं बोलणं म्हणजे पाव मैलावर ऐकू जाणारं, तेव्हा दाब तर भरपूर पडलेला असणार. त्यांच्या माघारी ती एकटीच त्यावर बोलायची आणि तिचा आवाज लहान, त्यामुळे मिसळ फारशी झालेली नसावी. नळाच्या पाण्याविषयी बोलावं तसं ती हे बोलत होती.

चौकटवाले आजवर ज्याला हसले तो वाचक कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पत्रं लिहिणारा कुणीतरी ढेरपोट्या, अर्धवट, रिकामटेकडा माणूस त्यांनी मनाशी धरून ठेवला होता. ताईसारखी बाई त्या पत्राच्या पलीकडे बसलेली असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी कसंबसं विचारलं, की असलं काही वाचून तू लगेच फोन उघडलास? पेपरात काय वाट्टेल ते येतं.

"लगेच नाही उघडला," ताई म्हणाली. तिनं खणातून तीन कात्रणं काढून ओळीनं मांडली. "हे तुझं, पहिलं. ते वाचून मी हात लावला नाही. तुझ्या चौकटीवर विश्वास कोण ठेवतं? मग हे दुसऱ्या पेपरातलं आलं. मग हे तिसऱ्यातलं, त्यात माणसाचं नावही आहे. तीन ठिकाणी एकच गोष्ट आली, म्हणून उघडला."

मग तिनं चष्मा काढला आणि पुसत बसली. म्हणाली, "चेहरा आहे रे, फोटोत आहे. आवाज गेला. तेव्हा काही भरून ठेवायचं सुचलंच नाही. चारपाच वर्षं कानात होता. आता आठवायला गेले तर ह्यांचे नुसते ओठ हलताना दिसतात. परवा विचार केला, मी मरायच्या आत एकदा ऐकायला मिळाला तर बघावं. तू पत्ता आणलास ना?"

आता चौकटवाल्यांनी काय करावं? तेवीस वर्षं ज्या माणसानं खोटं बोलायचे नियम घोटले होते, त्याच्या जिभेवर पुढची थाप आपोआप येऊन बसली. संस्था तूर्त बंद आहे. परदेशी नमुने घेत नाहीत. सत्तेचाळीस महिने थांबावं लागतं. ते बोलायला तोंड उघडणार तोच ताईनं पेन्सिल उचलली आणि टिपणाची वही पुढ्यात ओढली. ते जे काही सांगतील ते ती जसंच्या तसं लिहून घेणार होती, आणि त्यावर विसंबून उरलेले दिवस काढणार होती. चौकटवाल्यांना स्वतःची किळस आली. ती आली याचंही त्यांना नवल वाटलं, कारण किळस ते नेहमी दुसऱ्यांसाठी राखून ठेवत.

"ताई, ती बातमी मी लिहिली," ते म्हणाले.

"तुझ्याच चौकटीत आली. तूच लिहिणार."

"लिहिली म्हणजे बनवली. सात बातम्या होत्या, आठवी नव्हती. कोळशाचं, सत्तेचाळिसाचं, बाटलीचं, सगळं मीच. बाकीच्यांनी माझंच उचललं."

ताईनं पेन्सिल खाली ठेवली. ती रागावली असती, रडली असती, तर चौकटवाल्यांना सोपं गेलं असतं. तिनं तिन्ही कात्रणं पुन्हा एकदा पाहिली, जशी ती एखाद्या नमुन्याचे चुकलेले आकडे पाहायची. मग एवढंच म्हणाली, की तीस वर्षांत लाखभर बाटल्या तपासल्या असतील, पण तपासल्याशिवाय एकाही बाटलीचा आकडा तिनं लिहिला नाही. साहेब घाई करत, नुसता टाकून द्या म्हणत, तरी नाही. कारण ते पाणी कुणीतरी पिणार असतं. यात टोमणा नव्हता. असता तर चौकटवाल्यांनी तो परतवला असता.

पूड परत डबीत घालून बघू, फोन तरी चालू होईल, असं त्यांनी सुचवलं. ताईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"तू ह्यांची नक्कल करायचास," ती म्हणाली.

चौकटवाल्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"करायचास. हे दाराबाहेर गेले की सुरू. फोनवर कसे ओरडतात, छाती कशी काढतात. सगळे पोट धरधरून हसायचे, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मला राग यायचा. पण अगदी हुबेहूब करायचास." तिनं खुर्ची जरा पुढे घेतली. "कर आता."

ते नको नको म्हणाले, आता जमणार नाही म्हणाले, पण ताई हलेना. शेवटी त्यांनी उघडा रिसिव्हर कानाला लावला, मेव्हणे काढायचे तशी छाती काढली आणि बोलले, "हॅलो, कोण बोलतंय? हां, बोला, मोठ्यानं बोला, मी ऐकतोय." एकोणीस वर्षांनी तो आवाज खोलीत जसाच्या तसा आला. तो घोगरेपणा, ती अकारण घाई, 'ऐकतोय'वरचा तो लांबलेला हेल. चौकटवाले स्वतःच दचकले.

ताईनं डोळे मिटले होते. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग आक्रसला.

"आवाज तोच आहे," ती म्हणाली. "पण त्यात कुचेष्टा आहे. ती काढ आणि परत बोल."

चौकटवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली. छाती काढली नाही. ताई म्हणाली, अजून आहे. त्यांनी हेल आखडता घेतला. अजून आहे. त्यांनी घाई सोडली, मग घोगरेपणा सोडला. एकेक गोष्ट काढावी तसे मेव्हणेही थोडेथोडे निघून जात होते, आणि थट्टा सोडून तो माणूस बोलायचा कसा, हे आठवायला गेलं तर त्यांना काहीच आठवत नव्हतं. वीस वर्षं त्या माणसाच्या समोर बसून जेवले होते. पाचव्या की सहाव्या वेळी ते अगदी साधं बोलले, "बोला, मी ऐकतोय."

ताईनं डोळे उघडले. "हा तू आहेस," ती म्हणाली, आणि टेबलावरचं वर्तमानपत्र गोळा करायला लागली.