विशेषणं खोडणारं बोट

आमच्या घरकामगार संघटनेच्या सचिव सुमनताई काल निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात अध्यक्ष त्यांना ‘थोर’, ‘निःस्वार्थ’ म्हणत होते आणि प्रत्येक शब्दाला ताईंचं बोट स्वतःच्या मांडीवर आडवी रेघ ओढत होतं. मला हसू आलं. संघटनेची पत्रकं मी लिहिते. पाच वर्षं याच हातातल्या पेन्सिलीने माझे ‘नराधम’ आणि ‘जुलमी’ खोडले. मी भांडायचे, "ताई, राग यायलाच नको का?"

"शिव्या कशाला? कामाच्या घरी शांताबाईची कपबशी वेगळी ठेवतात, एवढंच लिही. राग वाचणाऱ्याला येऊ दे."

आणि यायचाच. अन्यायाला विशेषणं आपण लावतो ती आपल्याच समाधानासाठी. कौतुकाचंही तसंच असावं.

माझी बोलायची पाळी आली. दोन पानांचं भाषण मी घडी घालून पिशवीत टाकलं. म्हटलं, "ताई, आता पत्रक दाखवायचं कुणाला? मला भीती वाटतेय."

ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "नोकरी संपली गं, डोळे नाही गेले. घरी ये. आणि जरा लवकर ये, नेहमीसारखी छापखान्यात जाता जाता नको."